मेरूची दोन पेरं

मार्च लागला की आमच्या गल्लीत पाढे सुरू होतात. समोरच्या घरातली दोन मुलं पायरीवर बसून डोलत म्हणतात, "टू वन्स आर टू, टू टूज आर फोर." त्यांच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा हिंदी शाळेत जातो. तो खिडकीत उभा राहून "दो एकम दो, दो दूनी चार" असं त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. मग दोन्हीकडचे आकडे एकमेकांवर आपटतात आणि आतून कुणाची तरी आई खेकसते, "धीरे पढ़ो रे, कान फोड़ोगे क्या!" कडुलिंबाची पानं गळून गेलेली असतात, फांद्यांवर तांबूस पालवी असते. मंडीकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमधला गव्हाचा भुसा उडतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. दुपारचं वारं अजून अंग भाजणारी लू झालेलं नसतं, पण होणार आहे हे अंगाला कळतं.

या दिवसांत बायका पापडाचं पीठ मळतात. मीही मळते. पाढे ऐकू आले की माझे हात थांबतात आणि विभाची पहिलीची परीक्षा आठवते. विभा माझी मुलगी. आता मोठी झाली, नोकरी करते. तरी दर मार्चला ते सगळं पुढे येऊन उभं राहतं, आणि दर वेळी तितकंच हरल्यासारखं वाटतं. कुणाला सांगण्यासारखं ते नाही. पहिलीतली मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, त्यात रडायचं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणून बोलत नाही, लिहिते.

तेव्हा उज्जैनमध्ये सगळं नवं नवं येत होतं. गच्चीवरून गच्चीवर केबलच्या काळ्या तारा गेल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर फोनच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि फ्रीगंजमध्ये तर दर महिन्याला एखाद्या बंगल्यावर इंग्लिश मीडियमचा बोर्ड चढायचा. एका बाजूला गिरण्या बंद पडत होत्या, त्यातली माणसं दुपारी चहाच्या ठेल्यावर बसलेली दिसत. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. रोज संध्याकाळी जेवताना म्हणत, "आता सरकारी नोकऱ्या संपल्या समज. जो इंग्लिश बोलेल, कंप्यूटर चालवेल, तो टिकेल." त्यांना भीती वाटत होती, आणि ती खरी होती. म्हणून विभाला गल्लीतल्या शाळेत न घालता फ्रीगंजच्या नव्या शाळेत घातलं. चौकडीचा फ्रॉक, इलास्टिकचा टाय, पाण्याची लाल बाटली. शाळेच्या टेंपोत बसताना ती इतकी लहान दिसायची की टाय कुणीतरी दुसरीकडून आणून तिच्या गळ्यात अडकवल्यासारखा वाटे.

पण आकडे ती शाळेत शिकली नव्हती. आकडे तिच्याकडे आधीच आले होते, नानांकडून.

नाना म्हणजे माझे सासरे. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, उंच, हाडकुळे. सकाळी अंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून ओट्यावर बसत आणि हाताच्या बोटांवर जप करत. माळ वापरत नसत. "माळ हरवते, सूनबाई. हात कुठे हरवतो?" असं म्हणत.

बोटांवरचा जप ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. उजव्या हाताचा अंगठा करंगळीशेजारच्या बोटाच्या मधल्या पेरावर ठेवायचा. तिथून खाली. मग करंगळीवरून वर, मग बोटांच्या टोकांवरून पलीकडे, आणि अंगठ्याजवळच्या बोटावरून पुन्हा खाली. असं गोल फिरलं की दहा होतात. चार बोटांना पेरं बारा असतात, पण मधल्या बोटाची खालची दोन सोडायची. तो मेरू. मेरू हा पर्वत आहे, त्याच्याभोवती फिरायचं, त्याच्यावरून जायचं नाही. उजव्या हाताचे दहा झाले की डावा अंगठा एक पेर पुढे सरकतो. म्हणजे डाव्या हातात दहा दहाचे ढीग आणि उजव्या हातात सुटे.

विभा जेमतेम चार वर्षांची असल्यापासून त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि तिचा इवलासा अंगठा त्यांच्याबरोबर फिरवायची. मंत्र तिला येत नव्हता. ती आकडेच म्हणायची, ओठ न हलवता, नाना करत तसं. जप संपला की नाना तिच्याशी खेळत.

"विभू, सत्तावीस दाखव."

दोन्ही हात वर. डावा अंगठा दुसऱ्या पेरावर, उजवा सातव्यावर.

"आता त्यात पंधरा घाल."

ती आधी सुटे पाच घाली. आठ, नऊ, दहा. दहाला पोचली की खुदकन हसायची. "घर भरलं, नाना!" डावा अंगठा एक पेर पुढे जाई. मग राहिलेले दोन उजव्या हातावर, आणि पंधरामधले दहा म्हणून डावा अंगठा आणखी एक पुढे. मग दोन्ही हात नानांच्या नाकापुढे धरून ती म्हणे, "बेचाळीस!"

"कशावरून?"

"बघा ना. चार इथे. दोन इथे. दिसून नाही राहिलं का तुम्हाला?"

नाना चष्मा काढून तिचे हात जवळून बघितल्यासारखं करत. "हो गं, दिसलं. म्हातारा झालो ना."

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावच्या शाळेत ओळीनं बसून पाढे म्हणत असू. माझा आवाज बारीक, त्यामुळे मी चुकले तरी कुणाला कळायचं नाही. बेरीज करताना मास्तर म्हणत, "हातचा एक घे." मी घेत असे. तो कुठून येतो आणि का घ्यायचा हे मला कधी कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. तो वरच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा, एवढंच माहीत. विभाच्या डाव्या अंगठ्याकडे पाहताना, चुलीपाशी पोळी लाटता लाटता, मला एक दिवस एकदम समजलं. उजवं घर भरलं, म्हणून डावीकडे एक गेला. हातचा म्हणजे हा! लाटणं तसंच हातात राहिलं. पोळी करपली.

त्या वर्षी थंडीत आम्ही भैरवगढला चादरी घ्यायला गेलो होतो. तिथे छापखान्यात एक कारागीर लांबलचक मेजावर कापड पसरून लाकडी ठसा मारत होता. रंगाचा उग्र, ओला वास. ठसा टेकला की धप, उचलून पुन्हा धप. विभा मेजाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती. थोड्या वेळानं ती त्याच्या आधीच बोलायला लागली, "पान. पान. फूल. पान. पान. आता फूल." फूल उमटल्यावर कारागिरानं मुद्दाम पुढचा ठसा हवेतच धरला. "अब क्या आएगा, बोल?" "पत्ती!" "बिटिया को यहीं छोड़ जाओ, भाभी," तो हसत म्हणाला, "मेरा लड़का तो दो महीने में नहीं समझा." येताना टेंपोत ती खिडकीबाहेर बघून खांब मोजत होती, झाडं मोजत होती, सायकली मोजत होती. मोजणं तिला श्वास घेण्याइतकं सोपं वाटे. मला वाटलं, ही कशातही अडणार नाही.

मग फेब्रुवारी आला.

तिच्या वर्गाच्या मॅडम अगदी तरुण होत्या. दोन वेण्या घातल्या असत्या तर त्याच विद्यार्थिनी वाटल्या असत्या. मनानं वाईट नव्हत्या. उलट तीनचा पाढा शिकवायला त्यांनी स्वतः एक छान युक्ती काढली होती. मुलांना म्हणाल्या, एका बोटाला तीन पेरं, दोन बोटांना सहा, तीनला नऊ. "तो चारों उँगलियों में कितने?" सगळा वर्ग ओरडला, "ट्वेल्व!" विभा एकटी म्हणाली, "टेन."

हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं विभाकडून, थोडं तिच्याबरोबर टेंपोनं येणाऱ्या मुलीकडून, आणि पुढे खुद्द मॅडमकडून. मॅडमनी तिला उभं केलं.

"ठीक से गिनो, बेटा. सबको गिन के दिखाओ."

विभानं हात वर करून दाखवलं. नानांचा रस्ता. दहावर थांबली.

"और ये दो? ये बीच वाले?"

"इनको नहीं गिनते, मैडम."

"क्यों नहीं गिनते?"

"ये मेरु है."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि म्हणाल्या, "अच्छा? तो इनको किसी और को दे दूँ?" मग सगळा वर्ग बाकांवर हात आपटून हसला. मॅडमनी तिचा अंगठा धरून मधल्या बोटाच्या त्या पेरावर ठेवायचा प्रयत्न केला, प्रेमानंच. विभानं हात हिसडून पाठीमागे नेला. तिला वाटलं, आपल्याकडून पाप करवून घेताहेत. मॅडमना वाटलं, हिला बारापर्यंत मोजता येत नाही आणि वर हट्टीपणा.

डायरीत इंग्रजीत लिहून आलं. ह्यांनी वाचलं आणि बुटाची नाडी सोडता सोडताच चिडले. "लिहिलंय, गिनती कमजोर आहे. बोटांवर मोजू देऊ नका. नाना, तुम्ही काय शिकवून राहिलात हिला?"

नाना म्हणाले, "मी शिकवलं नाही रे. ती बसायची."

"मग बसू देऊ नका ना. तिथे सगळी पोरं पुढे चालली, आणि ही इथे पर्वतावर चढून बसली!"

वर्गात तिचं नाव मेरू पडलं. टेंपोतून उतरताना मागून पोरं ओरडायची, "ए मेरु! तेरी दो उँगली किधर हैं?" ती मागे न बघता आत यायची आणि बाटली जागेवर ठेवायची.

मी शाळेत गेले. हे ड्यूटीवर होते, त्यांना विचारलं नाही. फ्रीगंजला मी एकटी तोवर कधी गेले नव्हते. टेंपोत दोन माणसांच्या मध्ये अंग चोरून बसले आणि मनात हिंदी वाक्यं जुळवत राहिले. शाळेच्या ओसरीत चपला काढाव्यात की नाही हे कळेना, म्हणून बराच वेळ दाराशीच उभी होते. मॅडम वह्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"जी, बोलिए?"

"मैं विभा की मम्मी. मैडम, उसको आता है. आप उसको दोनों हाथ खुले रखने दो. वो दस-दस करके जोड़ती है, बहुत बड़े-बड़े जोड़."

"पर भाभीजी, उँगलियों के पोर तो बारह ही होते हैं ना?"

"हाँ, बारह हैं. पर दो छोड़ते हैं तो दस बनते हैं. और दस से ही तो..." पुढचं हिंदी संपलं. मराठीही संपली असती बहुतेक. माझा स्वतःचा हात मी पदरातून बाहेर काढला आणि दाखवायला लागले. एक, दोन, तीन. अंगठा चुकीच्या पेरावर पडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मॅडमनी पूर्ण होईपर्यंत पाहिलं, हे मला नाकारता येणार नाही.

"समझ गई," त्या म्हणाल्या. "पूजा वाला है ना? मेरी दादी भी करती थीं. पर पेपर में ये नहीं चलेगा, भाभीजी. आगे सौ-सौ के जोड़ आएँगे, तब उँगली कहाँ से लाएगी?" मग जरा थांबून, सहज, माहिती हवी म्हणून विचारलं, "आप कहाँ तक पढ़ी हैं?"

"चौथी."

"तो आप टेंशन मत लीजिए. हम पर छोड़ दीजिए."

जे मनात होतं ते मी बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर इतकं बोलले. त्याचा उपयोग झाला असता तर पुढे कदाचित आणखी बोलले असते. दुसऱ्या दिवसापासून गणिताच्या तासाला सगळ्या वर्गाला हात पाठीमागे बांधून बसायला सांगितलं. विभानं घरी येऊन सांगितलं, "सबको. एकट्या मलाच नाही." त्यात तिला थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

खरा घाव मात्र शाळेनं घातला नाही, आणि तेच मला सोसत नाही. तो नानांच्या मायेनं घातला.

पोरं तिला चिडवतात हे नानांना कळलं तेव्हा ते दोन घास कमी जेवले. संध्याकाळी त्यांनी तिला ओट्यावर बोलावलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"हात दाखव, विभू. हां. आता आजपासून मेरूसुद्धा मोजायचा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पाप नाही लागत?"

"लहान मुलांना नाही लागत."

"आणि तुम्हाला?"

"मी कुठे शाळेत जाऊन राहिलोय?" असं म्हणून ते हसले आणि तिचा अंगठा त्यांनी स्वतःच्या हातानं मधल्या बोटाच्या खालच्या पेरावर टेकवला. मग त्याच्यावरच्या पेरावर. ज्या पेरांना त्यांच्या अंगठ्यानं मुंजीपासून कधी स्पर्श केला नव्हता, ती त्यांनी नातीसाठी मोकळी करून दिली. यापुढे सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपानंतर त्यांनी नेहमीसारखं विचारलं. "सत्तावीस दाखव. त्यात पंधरा घाल."

विभा सुटे पाच घालायला लागली. आठ, नऊ, दहा. दहाला हसली नाही. पुढे गेली, अकरा, बारा. आता घर भरलं. डावा अंगठा सरकवला. उजवा हात रिकामा. पंधरामधले दहा म्हणून डावा आणखी एक पुढे. हात वर केले.

"चाळीस."

"पुन्हा कर, बाळा."

तिनं पुन्हा केलं. काळजीपूर्वक, जीभ दातांत धरून. पुन्हा चाळीस. डाव्या हातावर चार, उजव्यावर काही नाही. तिनं दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले, पूर्वीसारखे, "दिसून नाही राहिलं का" असं विचारण्याच्या बेतानं. पण विचारलं नाही, कारण नानांच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं.

नानांना तोवर कळलं होतं. दोन पेरं उघडली आणि दहाचं घर बाराचं झालं. घर बाराचं आणि मोजणी दहाची, मग सगळंच ढासळणार. मला ते कळायला दुपार झाली. मी भांडी घासताना स्वतःच्या राखेच्या बोटांवर करून पाहिलं, तेव्हा.

"नको, नको," नाना घाईनं म्हणाले, "मेरू सोड. पहिल्यासारखं कर."

"पण मॅडम म्हणतात ट्वेल्व."

"हो. पेरं बाराच आहेत."

"मग दहाला घर कसं भरतं?"

नानांना उत्तर माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. माहीत असलं तरी सहा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आजही नाही. ते नुसते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. विभानं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. ओळखीचं माणूस खोटं बोलताना सापडल्यावर आपण त्याच्याकडे बघतो, तसं ती त्या हातांकडे बघत होती. मग तिनं ते मांडीवर ठेवले. त्यानंतर मी तिला पेरांवर मोजताना पाहिलं नाही.

कितीदा वाटतं, कुणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. मॅडम म्हणत होत्या पेरं बारा, ती बाराच आहेत. नाना म्हणत होते दहा, त्यांच्या दहांत सगळी बेरीज नीट बसत होती. हे म्हणत होते इंग्रजी हवं, ते तर आज सगळं गाव म्हणतं. तिघंही तिच्या भल्याचं बघत होते. या तिघांच्या मध्ये ती उभी होती आणि जे तिला आपोआप येत होतं ते तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गेलं. कुणाला आवाजही आला नाही.

मार्च सुरू झाला. ह्यांनी पाढ्यांचा रंगीत तक्ता आणून देवघराशेजारच्या भिंतीला लावला. विभा त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "टू वन्स आर टू." सुरुवातीला अडखळे, मग जिभेवर बसलं. ती चालताना म्हणायची, जेवताना म्हणायची, झोपेत कूस बदलताना म्हणायची. वहीत बेरजेचं चिन्ह दिसलं की काय करायचं, वजाबाकीचं दिसलं की काय करायचं, हे मॅडमनी नीट शिकवलं होतं आणि तिनं नीट उचललं. ती हुशारच होती. शिकवलेलं विसरत नसे. वही भरभर भरायला लागली, बरोबरच्या खुणांनी लाल दिसायला लागली. हे खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो? जरा सख्ती पाहिजे."

नाना सकाळी ओट्यावर बसतच होते. पण आता उपरण्याखाली हात झाकून जप करायला लागले. मी एकदा पाणी ठेवायला गेले तेव्हा माझी नजर तिकडे गेली. ते म्हणाले, "जप झाकूनच करायचा असतो, सूनबाई. इतके दिवस माझंच चुकत होतं." विभा त्यांच्यासमोरून दात घासत इकडून तिकडे जायची. थांबायची नाही.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिनं ती चाटली, हात फ्रॉकला पुसला आणि टेंपोत चढली. टेंपो वळेपर्यंत मला तिचे ओठ हलताना दिसत होते. आकडेच म्हणत असणार. पण पूर्वी ती ओठ न हलवता म्हणायची.

ती पास झाली. वर्गात पहिल्या काही मुलांमध्ये आली. घरी पेढे आले. मॅडमनी ह्यांना बोलावून सांगितलं, "देखिए, कितना इंप्रूव किया है." खरंच सांगत होत्या त्या.

विभा आता फ्रीगंजमध्ये मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. इंग्रजी छान बोलते. दुकानातले सगळे तिला मान देतात. दहा आणि दहासुद्धा ती कॅल्क्युलेटरवर करते, आणि कुणी हसलं तर आधी स्वतःच हसते. "मला मॅथ्स जमतच नाही, आई. लहानपणापासूनच नाही." दहावीला गणितात कशीबशी निघाली, पुढे आर्ट्स घेतलं. एकदा मी तिला सगळं सांगितलं. सत्तावीस आणि पंधरा, घर भरलं की ती कशी हसायची, सगळं. तिनं मोबाइलवरून नजर न काढता ऐकलं आणि म्हणाली, "काहीतरीच, आई. मी? तू दुसऱ्या कुणाचं तरी सांगून राहिली आहेस." तिला नाना आठवतात, ओटा आठवतो, सकाळचं ऊन आठवतं. स्वतःचे हात आठवत नाहीत. नाना गेले. म्हणजे ते सगळं पाहिलेलं माणूस आता मी एकटीच. मी खोटं आठवते आहे असं उद्या कुणी म्हटलं तर माझ्याजवळ दाखवायला काही नाही.

लहान मुलं गणित कशी शिकतात, याबद्दल शिकलेल्या लोकांनी पुष्कळ काही लिहून ठेवलं असेल. मला एवढंच दिसलं, की तिला ते शिकवायच्या आधी येत होतं, आणि शिकवून झाल्यावर येईनासं झालं. मधल्या वेळात सगळ्यांनी मनापासून मेहनत घेतली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार आहे. निकाल लागून गेला होता. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी आपल्या झाडाच्या कैऱ्या टोपलीभर पाठवल्या होत्या. विभानं आणि मी मिळून त्या पाण्यातून काढल्या, पुसल्या. वीस होत्या, तिनंच मोजल्या, इंग्रजीत, न चुकता. सात मी लोणच्यासाठी विळीवर चिरल्या. हे खाटेवर पेपर वाचत पडले होते, नाना भिंतीला टेकून पंख्यानं वारा घेत होते. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, कैरीच्या चिकाचा आंबट वास घरभर होता. मी बोलता बोलता विचारलं, "पन्ह्याला किती राहिल्या गं?"

विभा टोपलीला अगदी लागून बसली होती. ती एकदम ताठ झाली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "प्लस आहे की मायनस?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"सांग ना, आई. प्लस करायचं की मायनस?"

"मायनस," मी म्हटलं.

"थर्टीन," ती लगेच म्हणाली.

"शाब्बास!" ह्यांनी पेपर खाली केला. "बघितलंत, नाना? कितनी फास्ट झाली!"

नानांचा पंखा थांबला होता. विभा वडिलांकडे बघून हसली. उरलेल्या कैऱ्यांची टोपली तिच्या गुडघ्याला टेकलेली होती. तिनं एकदाही आत पाहिलं नव्हतं.